यूट्यूब नेटवर्कची ऑफर आली आहे? शिरूर-दौंडच्या क्रिएटरने 'अ‍ॅक्सेप्ट' दाबण्याआधी हे वाचा

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. शिरूरकडचे घाट पुन्हा भरू लागले आणि घाटाच्या कडेला मोबाईल घेऊन उभी असलेली पोरंही वाढली. दौंड तालुक्यात गुऱ्हाळ, ऊसतोड, शेतीचे जुगाड असे विषय आहेत. शेजारच्या बारामती तालुक्यातून आलेल्या 'चांडाळ चौकडीच्या करामती'ने तर गावातली टीमसुद्धा मोठा प्रेक्षक मिळवू शकते हे दाखवून दिलं.

पैसाही खरा आहे. मे २०२५ मध्ये मुंबईच्या 'वेव्हज' परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की, कंपनीने ३ वर्षांत भारतातल्या क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना २१ हजार कोटींहून जास्त रुपये दिले. पैसा दिसला की मध्यस्थ येणारच. चॅनेल जरा चाललं की मेसेज येतो : "आमच्या नेटवर्कला जॉइन व्हा, व्ह्यूज वाढवून देतो, कॉपीराइटचं टेन्शन आमच्यावर." मग जॉइन व्हायचं की नाही?

नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

याला मल्टी-चॅनेल नेटवर्क, म्हणजे एमसीएन म्हणतात. ही यूट्यूबची शाखा नाही, वेगळी खासगी कंपनी असते. ती अनेक चॅनेल आपल्या खात्याला जोडते आणि जाहिरात, ब्रँड डील, कॉपीराइट ही कामं बघते. बदल्यात कमाईतला वाटा घेते. जॉइन झाल्यावर तुमच्या व्हिडिओंचे पैसे यूट्यूबकडून आधी नेटवर्ककडे जातात आणि तिथून तुमच्याकडे येतात. बाजार समितीतल्या आडत्यासारखंच समजा. आडत्या चांगला असेल तर भाव मिळवून देतो, नाहीतर पट्टी कधी मिळेल याची वाट बघायची.

हिशोब मांडून बघा

मोठ्या व्हिडिओच्या पानावर १०० रुपयांची जाहिरात चालली तर यूट्यूब ४५ ठेवतं, ५५ क्रिएटरला देतं. नेटवर्कने या ५५ मधले ३० टक्के घेतले, तर १६ रुपये ५० पैसे गेले आणि हातात ३८ रुपये ५० पैसे राहिले.

आता हेच महिन्याला लावा. आज तुम्हाला २० हजार मिळत असतील तर ६ हजार नेटवर्कचे. २ वर्षांच्या करारात १ लाख ४४ हजार. म्हणजे पहिल्याइतकेच पैसे हातात पडायला तुमची कमाई २० हजारांवरून साधारण २८ हजार ६०० वर जायला हवी. नेटवर्क ही वाढ कशी करून देणार, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

जे फुकट मिळतं ते विकत घेऊ नका

मॉनिटायझेशनसाठी नेटवर्कची गरज नाही. १ हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तास वॉच टाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज झाले की जाहिरातीच्या वाट्यासाठी स्वतःच अर्ज करता येतो. १० डॉलर जमले की अ‍ॅडसेन्सचा पिन पोस्टाने येतो. वस्तीवर राहत असाल तर पत्ता पोस्टमनला सापडेल असाच लिहा. १०० डॉलर झाले की पैसे बँकेत. अमेरिकेचा टॅक्स फॉर्मही स्वतः भरता येतो. तो भरला नाही तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. "हे सगळं आम्ही करून देतो" एवढ्यासाठी ३० टक्के देणं महागात जातं.

कॉपीराइटचं काय?

इथे मात्र नेटवर्कचा खरा उपयोग होऊ शकतो. चोरलेला व्हिडिओ आपोआप पकडणारी कंटेंट आयडी ही यंत्रणा छोट्या चॅनेलला थेट मिळत नाही, मोठ्या नेटवर्ककडे ती असते. तुमच्या व्हिडिओंची रोज चोरी होत असेल, तर हा मुद्दा वजनदार आहे.

पण आपल्या भागातली एक अडचण ओळखा. एकाच घाटात एकच बारी पाच जण शूट करतात. मागे तोच स्पीकर, तोच निवेदक. तुमच्या नेटवर्कने हा व्हिडिओ कंटेंट आयडीत टाकला, तर शेजारच्या पोराच्या स्वतःच्या शूटिंगवर चुकीचा क्लेम लागू शकतो, आणि उलटही होऊ शकतं. शिवाय मागे डीजेचं गाणं वाजत असेल तर त्याचे हक्क म्युझिक कंपनीचे. नेटवर्क जॉइन केलं म्हणून ते गाणं तुमचं होत नाही.

खरी मेख करारात

आत जायला एक क्लिक पुरते, बाहेर पडायला करार वाचावा लागतो. यूट्यूब म्हणतं, हा करार तुमचा आणि नेटवर्कचा, भांडण तुम्हीच सोडवा. म्हणून ही कलमं बघा :

१. मुदत किती? मुदत संपल्यावर करार आपोआप वाढतो का? नोटीस किती दिवस आधी द्यायची?

२. व्हिडिओचे हक्क 'असाइन' करताय की फक्त 'लायसन्स' देताय? असाइन म्हणजे मालकी देणं. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार असाइनमेंटमध्ये मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते.

३. बाहेरच्या जाहिरातींवरही त्यांचा वाटा आहे का? शिरूरच्या बाजारपेठेतला सराफ किंवा ट्रॅक्टरची शोरूम तुम्ही स्वतः गाठली, तरी त्यात वाटा जाणार का?

४. पैसे किती तारखेला आणि कोणत्या रिपोर्टसह?

५. वाद झाला तर कोर्ट कुठलं? दिल्ली लिहिलं असेल तर १० हजारांसाठी न्हावऱ्याहून दिल्लीला कोण जाणार?

क्रिएटर १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्या सहीने कायदेशीर करार होत नाही. घरच्या मोठ्यांना सोबत घ्या.

मोठं नाव म्हणजे खात्री नाही

डिस्नेने २०१४ मध्ये मेकर स्टुडिओज ५० कोटी डॉलरना घेतलं. २०१७ मध्ये त्याच नेटवर्कमधले हजारो चॅनेल कमी करून फक्त ३०० च्या आसपास ठेवायचं ठरलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतलं डेफी मीडिया बंद पडलं आणि क्रिएटर्सचे जाहिरातीचे पैसे अडकले. पैसे यूट्यूबने दिले होते, पण ते मधल्याच्या खात्यात होते. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर मेसेज पाठवणाऱ्या अनोळखी नेटवर्कचं काय सांगावं?

मग करायचं काय?

चॅनेल अजून वाढतंय, व्हिडिओ तुम्ही एकटेच बनवताय, चोरीचा त्रास नाही? मग नेटवर्क नको. तोच वाटा चांगल्या माइकवर किंवा एडिटिंगला मदतनीस ठेवण्यावर घाला.

चॅनेलला लाखांनी सबस्क्रायबर आहेत, चोरी होतेय, मोठे ब्रँड येतात पण त्यांच्याशी बोलायला वेळ नाही? तर विचार करा. वाटा फक्त नेटवर्कने आणलेल्या कामावर, मुदत १ वर्ष, आपोआप वाढ नाही, असं मागून बघा. सही करण्याआधी दौंड किंवा शिरूरच्या वकिलाकडून करार वाचून घ्या. त्याची फी २ वर्षं अडकण्यापेक्षा स्वस्त आहे.

आणि एक लक्षात ठेवा, खरं आमंत्रण यूट्यूब स्टुडिओमध्ये दिसतं. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा, "कराराची फाईल डाउनलोड करा" म्हणून अनोळखी लिंक पाठवणारा बहुतेक चॅनेल चोरायलाच आलेला असतो. असा मेसेज तिथेच ब्लॉक करा.