काउंटरच्या अलीकडची आणि पलीकडची



घरात तेल, डाळ, साखर, साबण कोण आणते, या प्रश्नाचे उत्तर द्यायला पाहणीची गरज नाही. पिशवी पुरुषाने उचलली तरी यादी बाईच्या डोक्यातली असते आणि महिनाअखेर डबा रिकामा निघाला की बोल तिलाच लागतो. वाण्याचे दुकान, रेशनचे दुकान, मंडई आणि आता मॉल या बाईच्या रोजच्या वावराच्या जागा आहेत. तरीही आपल्या चळवळीच्या चर्चेत घर येते, कारखाना येतो, पोलीस चौकी येते, न्यायालय येते; दुकानाचा काउंटर क्वचितच येतो. गटाच्या बैठकीत विषयपत्रिका संपून चहा आला की मात्र नेमक्या याच गोष्टी निघतात. कोणी तोंड टाकून बोलले, कोणी सांभाळून घेतले. या अंकात त्या गप्पांना आम्ही संपादकीयाची जागा देत आहोत.

वाण्यापासून सुरुवात करू. नवऱ्याचा पगार थांबला, कारखाना बंद पडला, घरात आजारपण निघाले, तेव्हा कितीतरी घरांची चूल वाण्याच्या उधारीवर पेटलेली आहे. ही माणुसकी खरी आहे, तिला नाकारण्याचे कारण नाही. पण खात्याच्या वहीवर नाव बहुधा नवऱ्याचे आणि चारचौघांत ऐकून घ्यायची पाळी बायकोची. ‘वहिनी, आधी मागचे मिटवा, नाहीतर साहेबांना पाठवा’ हे वाक्य किती जणींनी ऐकले असेल! पाव किलो डाळ मागणारी रांगेत पुढे असली तरी मोठी यादी घेऊन आलेल्याचा माल आधी बांधला जातो. सॅनिटरी पॅड मागितले की दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, जणू चोरीचा माल आहे अशा घाईने पुढे सरकवतो. त्याला वाटते, आपण बाईची अब्रू राखली. खरे तर ‘हे लपवायचे असते’ हा जुना धडाच तो पुन्हा गिरवून घेत असतो.

रेशनच्या दुकानात परिस्थिती वेगळी आहे. तिथे बाई कायद्याने हक्कदार आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख मानले. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण कागदावरच्या या कुटुंबप्रमुखाला दुकानात ‘ए बाई, बाजूला हो’ असेच ऐकावे लागते. त्यात अंगठ्याचे यंत्र आले. भांडी घासून, कपडे धुऊन, विटा वाहून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचाच अंगठा यंत्र ओळखत नाही. ज्या कष्टामुळे हात झिजला, त्याच कष्टाची शिक्षा म्हणून धान्य अडते. आधार किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणावरून कोणाला धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून द्यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी, असे आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिले. झारखंडात एका अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर, तिच्या घरचे रेशन बंद झाले होते यावरून देशभर गदारोळ उठला, त्यानंतरची ही गोष्ट. हा आदेश ज्या दुकानदाराला माहीत आहे आणि जो तो पाळतो, तो उपकार करत नाही. पण अशा दुकानदारांचेही अनुभव बायका सांगतात. कामावरून उशिरा येणाऱ्यांसाठी कोणी संध्याकाळी दुकान उघडे ठेवतो, कोणी अंगठा चार वेळा पुसून पुन्हा लावून बघतो. चांगले वागणे शक्य असते, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच वाईट वागणुकीला ‘यंत्रच ऐकत नाही’ ही सबब चालणार नाही.

आता मॉलकडे वळू. गेल्या पंचवीस वर्षांत पुण्यात उपनगरे वाढली तशी मोठी दुकाने वाढली. इथे उधारी नाही, वही नाही, ‘वहिनी’ नाही. इथे सगळ्याच ‘मॅडम’. वस्तू हाताळून, किंमत वाचून, नको असेल तर परत ठेवता येते. वाण्याच्या नजरेतून सुटका झाल्यासारखे अनेकींना वाटते आणि ते खोटेही नाही. पण दारावर पिशवी कोणाची तपासली जाते, कोणाची नुसती बघितल्यासारखी केली जाते, हे एकदा उभे राहून पाहा. ‘मॅडम’ हा शब्द सर्वांना सारखा लागू होत नाही. पातळ, बोली आणि पायातली चप्पल पाहून माणसाची पत ठरवण्याची जुनी सवय चकचकीत फरशीवरही तशीच शिल्लक आहे.

बिलाच्या रांगेत आणखी एक नवा प्रकार आहे. ‘मॅडम, मोबाइल नंबर?’ आपण दहा आकडे मोठ्याने सांगतो आणि मागच्या चार अनोळखी पुरुषांना ते ऐकू जातात. नको त्या फोनचा, रात्रीबेरात्री येणाऱ्या संदेशांचा जाच ज्या बाईने भोगला आहे, तिला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असा आग्रह विक्रेत्यांनी धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘नंबर देणार नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो जरूर वापरावा.

पण थांबा. हे वाक्य आपण कोणाला ऐकवणार? समोर विशीतली एक मुलगी उभी असते. नंबर विचारायचा हे तिने ठरवलेले नाही. न विचारल्यास वरिष्ठांकडून ती बोलणी खाणार, विचारल्यास आपल्याकडून. ती सकाळपासून उभी आहे. गल्ल्यात हिशेब कमी पडला तर तो तिच्याकडून मागितला जाण्याची टांगती तलवार आहे. एका हाताने वस्तू सरकवत, दुसऱ्याने पिशवी उघडत, तिने हसतही राहायचे आहे. एखाद्या बाईचे पैसे कमी पडले तर गाजावाजा न करता ती हळूच विचारते, ‘काकू, यातले काय बाजूला ठेवू?’ आणि मागच्या रांगेला कळूही देत नाही. हे कौशल्य आहे. घरात बाईच्या कष्टाला ‘माया’ म्हणून जसे बिनमोल ठरवले जाते, तसे दुकानात या कौशल्याला ‘स्वभाव’ म्हणून पगाराबाहेर ठेवले जाते.

१९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. तेलतुपाचे भाव हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या बायांनी राज्याला शिकवले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहकाच्या हक्काची ही परंपरा आपली आहे आणि अभिमानाची आहे. पण त्या काळी काउंटरपलीकडे बहुतेक पुरुषच होता. आज तिथे बाई आहे. ग्राहक म्हणून आपण जो आवाज चढवतो तो आता दुसऱ्या बाईवर चढतो, आणि मालक या दोघींच्या मध्ये कुठेच दिसत नाही.

असा पेच पुण्यातल्या स्त्रियांनी पूर्वी एकदा अनुभवला आहे. १९८० मध्ये शहरातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी, आजारपणाची रजा या मागण्या कारखानदाराकडे नव्हत्या. स्त्रीमुक्तीच्या बैठकांना येणाऱ्या बायकांच्याही घरात त्या पोहोचल्या. मालकीण बाई आहे म्हणून शोषण थांबत नाही आणि मोलकरीण बाई आहे म्हणून भगिनीभाव आपोआप येत नाही; तो मागण्या मान्य करून कमवावा लागतो, हे तेव्हा कळले.

काउंटरवरच्या मुलीची पहिली मागणी साधी आहे. बसायला खुर्ची. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने ही लढाई सुरू केली. दुकानात शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या, बसल्यास दंड भरणाऱ्या त्या बायका होत्या. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तोच मार्ग धरला. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कागदावर खुर्ची आली आहे. काउंटरमागे ती दिसते का? उलट सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानांतले कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. पुण्याच्या दुकानदारांच्या ‘१ ते ४ बंद’ या पाटीची आपण पिढ्यान्‌पिढ्या थट्टा केली. दुपारी जेवायला, पाठ टेकायला वेळ लागतो, ही गोष्ट ती पाटी निदान उघड सांगत होती.

कायद्यात आणखीही आधार आहेत. कामगाराला बाजू मांडू दिल्याशिवाय तुटीची रक्कम पगारातून कापता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यातले हे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही स्त्रीला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे लगट करणारे गिऱ्हाईकही त्यात आले. त्याच कायद्याखाली दुकानात छळ झालेली ग्राहक स्त्रीही तक्रार करू शकते. काउंटरच्या दोन्ही बाजूंना एकच कायदा आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. प्रत्येक गटाने आपल्या भागातली तीन दुकाने निवडावीत: एक रेशनचे, एक वाण्याचे, एक मोठे. रेशन दुकानात अंगठा न जुळणाऱ्या किती जणींना परत पाठवले जाते, याची महिनाभर नोंद ठेवावी आणि ती यादी घेऊन अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांकडे जावे. मोठ्या दुकानात खुर्ची, शौचालय आणि जेवणाची सुट्टी यांची चौकशी करावी. पण मुलीला तिच्या वरिष्ठांसमोर विचारून अडचणीत आणू नये, कामाच्या वेळेबाहेर भेटावे. तक्रार करायची असेल तेव्हा तिच्या नावाने नव्हे, धोरणाविरुद्ध, व्यवस्थापकाकडे, लेखी करावी. आणि कोणी चांगले वागले तर तेही लेखी कळवावे. त्या कागदाचा तिला उपयोग होतो.

उद्धटपणाला उद्धटपणाच म्हणावे. जात, कपडे, बोली पाहून अपमान करणाऱ्याला, मग ती बाई का असेना, जाब विचारावाच. बहिणाप्पाच्या नावाखाली सगळे पोटात घाला, असे आम्ही म्हणत नाही. मात्र राग कोणावर काढायचा हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारू या: या रांगेचा, या घाईचा, या अंगठ्याच्या यंत्राचा फायदा कोणाला होतो? जिला दहा तास उभे ठेवले आहे तिला तर नक्कीच नाही.

तुमच्या गटांच्या नोंदी आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात त्या एकत्र छापू आणि काउंटरपलीकडच्या मैत्रिणींचे म्हणणेही, त्यांची नावे न देता, त्यांच्याच शब्दांत देऊ.