मार्जिन सोडूनच थरार

दत्तजयंतीला शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो, घोड्यांच्या शर्यतीही होतात. वेगाचे आकर्षण आपल्या नंदुरबार जिल्ह्याला नवे नाही. तेच आकर्षण आता तरुण पिढीला मातीच्या खडबडीत मार्गावरील मोटार व मोटारसायकल शर्यतींकडे ओढत आहे. अशा स्पर्धा प्रायोजकांच्या पैशावर उभ्या राहतात आणि प्रायोजकत्वाची विनंती शेवटी व्यापाऱ्याच्या पेढीवरच येते. म्हणून या खेळातील प्रेक्षकाच्या सुरक्षिततेचा विचार आपणही करावयास हवा.

चालकाने धोका जाणून पत्करलेला असतो. त्याच्या डोक्यावर हेल्मेट असते, अंगावर पट्टे असतात, गाडीत लोखंडी पिंजरा असतो. मार्गाकडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाजवळ यांपैकी काहीच नसते. २१ एप्रिल २०२४ रोजी श्रीलंकेतील दियातलावा येथे ‘फॉक्स हिल सुपरक्रॉस’ या मोटारशर्यतीत एक गाडी मार्ग सोडून गर्दीत शिरली. सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगी होती. त्यापूर्वी १४ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, रात्रीच्या शर्यतीत उंचवट्यावरून उडालेला ट्रक प्रेक्षकांवर कोसळून आठ जणांचा अंत झाला. तेथे मार्ग आणि माणसे यांच्यामध्ये कठडाच नव्हता. परवाना होता, पण परवाना देणाऱ्या खात्याची देखरेख अपुरी पडल्याचे पुढे त्याच खात्याच्या चौकशीतून पुढे आले. कागद पूर्ण असणे आणि काम पूर्ण असणे यांतील हे अंतर मी बँकेच्या नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

‘जवळ उभे राहिल्याशिवाय मजा नाही’ हा तरुणांचा युक्तिवाद असतो. तो हिशेबाने तपासू या. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. धोका ओळखून पाय उचलेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. दहा मीटरवर उभा असलेला माणूस कितीही चपळ असला, तरी तो वाचण्याची वेळ आधीच निघून गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, आणि मातीवर ब्रेक डांबरी रस्त्याप्रमाणे पकड घेत नाहीत.

मग थरार सोडावा काय? मुळीच नाही. मोटोक्रॉस हा डोंगर-माळावरचा खेळ. १९७२ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिसियम स्टेडियममध्ये माती आणून, उंचवटे रचून हा खेळ भरवला गेला आणि त्यातून ‘सुपरक्रॉस’ रूढ झाला. प्रेक्षक उंच पायऱ्यांवर सुरक्षित बसले. माळावर एका वळणापुरती दिसणारी शर्यत त्यांना आरंभापासून अंतापर्यंत दिसू लागली. अंतर वाढले आणि आनंदही वाढला. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती याच पद्धतीने. गावाकडे स्टेडियम नसेल, पण टेकडीचा उतार असतो, भराव घालता येतो. उंचीवरून दृश्य चांगले दिसते आणि भरकटलेली गाडी सहसा तेथवर पोहोचत नाही.

व्यापारी वाचकांना हे तत्त्व परके नाही. बँक १०० रुपयांच्या मालावर ७५ रुपये कर्ज देते, तेव्हा उरलेले २५ रुपये हे मार्जिन असते. ते मालावर किंवा मालकावर अविश्वास म्हणून नसते; बाजारभाव उद्या घसरेल, या शक्यतेसाठी असते. मार्ग आणि प्रेक्षक यांमधील मोकळी जागा हे तसेच मार्जिन आहे. चालक कितीही निष्णात असो, टायर फुटू शकतो, धुळीत वळण दिसेनासे होऊ शकते. तिकिटे वाढविण्यासाठी ही जागा खाणारा आयोजक तारणाविना कर्ज वाटत असतो.

म्हणून धनादेशावर सही करण्यापूर्वी आयोजकांना थोडे प्रश्न अवश्य विचारावेत. देशातील मोटारशर्यतींची मान्यताप्राप्त संस्था, ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’, हिची आणि प्रशासनाची परवानगी आहे काय? वळणाच्या बाहेरील बाजूस प्रेक्षकांना मज्जाव आहे काय? गाडी भरकटते ती बहुधा त्याच बाजूस. विम्यात प्रेक्षकांचा समावेश आहे काय? रुग्णवाहिका केवळ उभी आहे, की तिला बाहेर पडण्यासाठी मोकळी वाटही आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गर्दी दोर ओलांडून पुढे आली तर शर्यत थांबविण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे? याचे उत्तर ‘बघू तेव्हा’ असे आले, तर रक्कम कितीही लहान असो, नम्रपणे नकार द्यावा.

फलकावर आपल्या पेढीचे नाव झळकते, तेव्हा त्या मैदानावरील माणसांची जबाबदारीही काही अंशी आपल्या खात्यावर नोंदली जाते. जाहिरातीच्या खर्चातून थोडी रक्कम कठड्यांसाठी आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांसाठी राखून ठेवण्याची अट घालणे प्रायोजकाच्या हातात असते. ती अट घालावी, लेखी घ्यावी, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्वतः मैदानावर जाऊन तिची पूर्तता पाहावी.