तिचा फोन तिलाच वाचू द्या

‘तिला दिसत नाही, तिला कशाला हवा टचचा मोबाइल?’ महिला मंडळाच्या कामानिमित्त अमरावती-अकोल्यातल्या किती घरांत हे वाक्य ऐकलं, त्याची मोजदाद नाही. बोलणारी माणसं वाईट नसतात हो. सासू असते, भाऊ असतो, कधी सख्खी आई असते. काळजीपोटीच बोलतात. पण घरात सगळ्यांच्या हाती स्मार्टफोन आणि तिच्या हाती मात्र जुना बटनांचा डबा... कारण काय, तर काच गुळगुळीत, तिला बटन कुठं सापडणार!

मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या हातातला साधा अँड्रॉइड फोन बोलतो, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? त्यासाठी वेगळा महागडा फोन लागत नाही की पैसे भरावे लागत नाहीत. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाचा भाग असतो, त्यात ‘टॉकबॅक’ सापडेल. 2009 पासून ही सोय आहे. आयफोनमध्ये तिचंच भावंड ‘व्हॉइसओव्हर’, तेही त्याच वर्षीचं. याला म्हणतात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा. काचेवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते सांगतो, बोट उजवीकडे सरकवलं की पुढच्या गोष्टीवर जातो, दोनदा टकटक केली की ती उघडतो. मराठीतही बोलतो. (हौसेने सुरू करून पाहणार असाल तर आधी बंद कसा करायचा ते शिकून घ्या! नेहमीसारखं बोट फिरवून मग काहीच होत नाही. ‘फोनला काय झालं’ म्हणून मोबाइलच्या दुकानात धावलेल्या बायका मला ठाऊक आहेत.)

पण काच ती काच. चार ओळींचा निरोप लिहायचा तर एकेक अक्षर बोटाने चाचपत, ऐकत शोधावं लागतं. बोलून लिहिता येतं, मान्य. पण एसटीत बसून नणंदेची तक्रार मोठ्याने बोलून कशी लिहायची? आणि पासवर्ड? तोही चारचौघांत बोलायचा का?

इथे कामी येतो साधा कीबोर्ड. कॉम्प्युटरला लावतात तोच. ओटीजीची बोटभर पिन लावून तो बहुतेक फोनला जोडता येतो. ब्लूटूथचा असला तर वायरही नको. आमच्या वेळी कितीतरी मुली बारावीनंतर टायपिंग क्लासला जात. सर काय सांगायचे? बोटांकडे पाहायचं नाही! नजर कागदावर ठेवायची, बोटं आपोआप चालली पाहिजेत. एफ आणि जे या अक्षरांवर बारीकसा उंचवटा असतो, तो बोटांना आपली जागा सापडावी म्हणूनच. म्हणजे बघा, न पाहता लिहिण्याची विद्या आपल्याकडे टाइपरायटरच्या काळापासून आहे. काच आली आणि आपण ती विसरलो. आता काच चालवता येत नाही म्हणून दोष मात्र तिच्या डोळ्यांना देतो.

अकोल्याची माझी एक मैत्रीण आहे. लग्नानंतर आजारपणात तिची दृष्टी गेली. नाव लिहू नका म्हणाली, म्हणून लिहीत नाही. तिच्या मांडीवर कीबोर्ड, एका कानात इअरफोन आणि फोन बाजूला पालथा पडलेला. पडदा काळा ठेवण्याची सोयही त्यात आहे, त्यामुळे खांद्यावरून डोकावणाऱ्याला काही दिसत नाही. आल्टचं बटन दाबून बाण दाबला की एकेक गोष्ट पुढे सरकते. बातमीचं पान उघडलं की आपण नजर टाकतो आणि हवं ते उचलतो. कानाला तशी नजर टाकता येत नाही. जाहिरात, मेनू, ‘हेही वाचा’ असं सगळं ऐकत बसावं लागतं, आणि बातमी येईपर्यंत माणूस कंटाळून जातो. ती आल्ट आणि एच दाबते आणि मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत जाते. आल्ट आणि एल दाबलं की लिंकवरून लिंकवर. (टॉकबॅकच्या आवृत्तीप्रमाणे ही बटनं थोडी बदलतात.) आवाज तिने इतका भरभर लावून ठेवलाय की मला एक शब्द कळेना. मी तसं म्हटलं तर हसली. ‘ताई, तुमी डोयानं भरभर पाह्यता का नाही? मंग मीच कानानं काहून हयूहयू पाहू?’

काय पाहते ती? कापसाचा भाव पाहते, मुलाच्या शाळेच्या सूचना, उपवासाचे पदार्थ. आणि बँकेचं खातं. ते सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. ‘माह्या खात्यात किती पैसे हायेत हे पयल्यांदा कोनाले न इचारता समजलं वो ताई. तोवर दीर सांगे तेवढेच.’

दीर लबाड होता असं ती म्हणाली नाही, मीही म्हणत नाही. पण स्वतःचं पत्र, स्वतःचा हिशेब, स्वतःच्या दवाखान्याचा कागद दरवेळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, ही काय गंमत आहे? मला तरी फोनची खरी किंमत इथेच दिसते.

आपल्या वऱ्हाडाला ज्ञान आणि डोळे यांचा संबंध कुणी शिकवायला नको खरं तर. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881 ते 1915) तान्हेपणीच दृष्टी गेलेले, तरी सव्वाशेवर ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. पण त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला माणसं लागत, सांगतील ते लिहून घ्यायलाही लागत. त्यांना तशी माणसं मिळाली. प्रत्येकीला कुठून मिळणार? आजचं उदाहरण हवं असेल तर माला पापळकर. तान्ही असताना जळगाव रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेली ही मुलगी अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांकडे वाढली. ब्रेल आणि ऐकायच्या पुस्तकांवर तिने अभ्यास केला आणि 2024 मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. टंकलेखक, लक्षात घ्या! आणि आपण म्हणतो, बटन कुठं सापडणार.

आता अडचण कुठे आहे तेही सांगते, कारण नुसता फोन आणि कीबोर्ड देऊन भागत नाही. वेबसाइट बनवणाऱ्याने बटनाला नाव दिलं नसेल तर स्क्रीन रीडर नुसतं ‘बटन, बटन’ म्हणत राहतो. कुठलं बटन? पैसे पाठवायचं की रद्द करायचं? सरकारी कागद स्कॅन करून फोटोसारखा चढवला तर त्यातलं अक्षर त्याला वाचता येईलच असं नाही. अर्ज भरत शेवटपर्यंत यावं तर वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा म्हणतात, ‘तुम्ही माणूस आहात’ हे सिद्ध करायला! मग ती बिचारी आधार कार्ड आणि ओटीपी घेऊन सायबर कॅफेवाल्या परक्या पोरासमोर उभी. बाकीच्या वेळी ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून आपण घसा कोरडा करतो.

मी तिच्यासोबत एकदा एका बँकेत गेले होते, मोबाइल बँकिंग सुरू करून घ्यायला. साहेब माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. ‘घरातल्या कुणा माणसाच्या नावावर करा ना, सोपं पडेल.’ रिझर्व्ह बँकेने अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग यांत भेदभाव करू नका असं 2008 च्या जूनमध्येच सगळ्या बँकांना कळवलं आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. आणि 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने तर स्पष्टच सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना केवायसीसाठी पापण्या मिटून दाखवा म्हटलं गेलं, जे त्यांना शक्यच नव्हतं. अमर जैन हे स्वतः दृष्टिहीन वकील. दोघांच्या याचिकांवर कोर्टाने केवायसी सर्वांना जमेल अशी करायला 20 निर्देश दिले. बँकेत जाताना ही तारीख चिठ्ठीवर लिहून न्या. मी नेते.

2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे 50 लाख होती. म्हणजे तुमच्या गल्लीत नसेल तर शेजारच्या गल्लीत अशी एखादी नक्की असेल. तिला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा नेतोच ना आपण? एखाद्या वेळी कीबोर्ड न्या, वर्गणी काढून. तासभर बसून टॉकबॅक सुरू करून द्या. शिकवण्याची घाई करू नका आणि मुख्य म्हणजे तिच्या हातातून फोन ओढून ‘दे, मीच करून देते’ म्हणू नका. ही सवय सुटायला फार वेळ लागतो, आमच्या मंडळातल्या बायकांना विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तेच. हळदीकुंकू, भिशी, आरोग्य शिबिर, सगळी निमंत्रणं फुलांच्या रंगीत चित्रावर लिहून येतात. आपल्याला छान वाटतात. तिच्या कानात मात्र नुसतं ‘फोटो’ एवढंच येतं. खाली दोन ओळी साध्या टाइप केल्या की काम झालं. आमच्या ग्रुपवर परवा पहिल्यांदा कुणीतरी भिशीच्या चित्राखाली तशा दोन ओळी लिहिल्या. मिनिटभरात अकोल्याहून उत्तर आलं : ‘ताई, तारीख चुकली. मंगळवार 14 ले नाही, 15 ले हाये.’