संगणकाच्या खिडकीतून : नवी आवृत्ती आणि अडलेला पगार



आपल्या मंडळात संगणकवाल्यांची उणीव नाही. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून फोन येतो, "आज अपग्रेड आहे, तुम्ही जेवून घ्या," तेव्हा घरच्या मंडळींना त्याचं नवल वाटत नाही. कतारमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे डेटाबेसची नवी आवृत्ती चढवायची ती गुरुवारी रात्रीच! शुक्रवारी सगळं ठीक दिसतं. खरी गंमत सुरू होते रविवारी सकाळी. चार सेकंदांत येणारा अहवाल चाळीस मिनिटं झाली तरी येत नाही. यंत्र तेच, माहिती तीच, प्रश्नही तोच. मग बिघडलं काय?

ही केवळ संगणकवाल्यांची डोकेदुखी नाही. २०१५ सालच्या कायद्याने इथे कामगारांचा पगार बँकेमार्फत, देय तारखेपासून सात दिवसांच्या आत जमा करणं बंधनकारक झालं. समजा, एखाद्या कंत्राटदाराकडे हजारो कामगार आहेत आणि हजेरी, जादा काम, रजा यांचा मेळ घालणारी क्वेरीच अडली. तर पगाराची फाइल बँकेत जाणार कधी? तिकडे गावाकडे मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता याच पगाराची वाट पाहत असतात.

अशा वेळी साहेबांचे हुकूम ठरलेले : "जुनी आवृत्ती परत टाका," नाहीतर "मेमरी वाढवा." पण मागे जायचं तर मधल्या दिवसांच्या नोंदींचं काय? आणि दुखणं समजण्याआधी औषध कशाला?

क्वेरीत आपण फक्त 'काय हवं' ते सांगतो. ते कसं शोधायचं हे ऑप्टिमायझर नावाचा भाग ठरवतो. प्रत्येक मार्गाच्या खर्चाचा अंदाज काढून स्वस्त मार्ग निवडायचा, ही रीत आयबीएमच्या पॅट सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली. आजही बहुतेक डेटाबेस तिच्याच वाटेने चालतात.

हे आपल्या गणपतीच्या महाप्रसादासारखं आहे. दहा माणसं येणार असतील तर घरचा कुकर पुरे. पाचशे येणार असतील तर मोठं पातेलं हवं. समजा कार्यकारिणी बदलली आणि गेल्या वर्षीच्या हजेरीची वहीच नव्या मंडळींकडे आली नाही. त्यांनी दहाच माणसं धरली, तर कुकर पन्नास वेळा चढवावा लागेल. स्वयंपाकी कितीही चपळ असो, पंगत उठायला रात्र होणार!

डेटाबेसकडेही अशी वही असते : कुठल्या तक्त्यात किती नोंदी, कुठलं मूल्य किती वेळा येतं. पोस्टग्रेसमध्ये पीजी-अपग्रेडने आवृत्ती बदलली, तर सतराव्या आवृत्तीपर्यंत ही वही नव्या घरी येतच नसे. २०२५ सालच्या अठराव्या आवृत्तीपासून ती बहुतांशी बरोबर येते. वही नसेल तर 'ॲनालाइझ' ही आज्ञा देऊन ती नव्याने भरून घ्यावी लागते.

वही का महत्त्वाची? कतारमधल्या पगाराच्या तक्त्यात 'भारतीय' असं शोधलं तर नोंदींचा डोंगर निघेल. तिथे इंडेक्स चाळण्यापेक्षा सगळा तक्ता सरळ वाचणं बरं. 'आइसलँड' शोधलं तर इंडेक्सच हवा. हा फरक डेटाबेसला कळतो तो वहीतूनच.

तेव्हा तपासाचा क्रम असा ठेवावा. प्रथम पाहा, सगळंच मंद आहे की ठराविक क्वेऱ्या? सगळंच मंद असेल तर सेटिंग तपासा. पीजी-अपग्रेड जुनी सेटिंग आणत नाही. मेमरीचा मुख्य वाटा मूळच्या १२८ एमबीवर येऊन बसतो. शिवाय यंत्र नुकतंच सुरू झालं असेल तर पहिला काही वेळ मंदपणा असतोच.

ठराविक क्वेऱ्याच रखडत असतील तर 'एक्सप्लेन ॲनालाइझ' चालवा. त्यात अंदाजे नोंदी आणि प्रत्यक्ष नोंदी शेजारी-शेजारी दिसतात. अंदाज एकचा आणि प्रत्यक्षात चाळीस हजार, असं दिसलं की चोर सापडला! मात्र ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. माहिती बदलणाऱ्या क्वेरीवर जपून वापरा.

वही भरूनही फरक पडला नाही, तर आवृत्तीत काय बदललं ते वाचा. एसक्यूएल सर्व्हर २०१४ मध्ये अंदाज बांधण्याची पद्धतच बदलली; काही क्वेऱ्या धावल्या, काही लंगडल्या. तिथे सुसंगततेची पातळी जुनी ठेवली की जुनी पद्धत चालू राहते. पोस्टग्रेसच्या बाराव्या आवृत्तीत, २०१९ साली, क्वेरीचा काही भाग ऐन वेळी यंत्रभाषेत बदलणारी 'जिट' सोय आपोआप चालू होऊ लागली. लहान क्वेऱ्यांना ती कधी कधी ओझंच होते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळ मोजा. पाच बदल एकदम केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

या विषयात खोल जाऊ पाहणाऱ्या कॉलेजातल्या मुलांनी 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' हे पाठ्यपुस्तक जरूर उघडावं. त्याचे एक लेखक प्रा. एस. सुदर्शन यांनी मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलं आहे.

आणि सर्वांत स्वस्त इलाज अपग्रेडच्या आधीचा : महत्त्वाच्या वीसेक क्वेऱ्यांचे प्लॅन आणि लागणारा वेळ लिहून ठेवा, माहितीच्या प्रतीवर एकदा रंगीत तालीम करा, आणि तारीख निवडताना पगाराचा आठवडा टाळा.