'रेझर' : रूप आणि साचा

रूपविचार हा केवळ कविता-कादंबरीचा मक्ता नव्हे. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूलाही घाट असतो, आणि तो कसा सिद्ध झाला हे पाहताना समीक्षेतले काही जुने प्रश्न पुन्हा समोर उभे राहतात. मोटोरोलाने २००४ साली आणलेला 'रेझर व्ही३' हा घडीचा मोबाइल आम्हांला या दृष्टीने विचारार्ह वाटतो.

मिटलेल्या अवस्थेत त्याची जाडी १३.९ मिलिमीटर आणि वजन सुमारे ९५ ग्रॅम. घडीचा फोन म्हणजे जाडजूड डबी, असे समीकरण असलेल्या काळात ही कृशता लक्षवेधी होती. ती वरवरच्या तासकामातून मात्र आलेली नव्हती. बॅटरी सर्किटच्या पाठीवर न रचता त्याच्या शेजारी बसवली. अँटेना तळाच्या फुगवट्यात नेला. सुट्या बटनांच्या जागी धातूच्या एकाच पत्र्यातून कोरलेला कळफलक आला. जाडी घटली, पण रुंदी ५३ मिलिमीटरपर्यंत वाढली. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे प्रकार मानले. त्यांची परिभाषा येथे वापरायची, तर कृशता आणि रुंदी यांच्यातील विरोध या वस्तूत समतोलाला पोहोचला आहे, असे म्हणता येईल.

घडीलाही अर्थ आहे. झाकण उघडले की संभाषण सुरू, मिटले की समाप्त. बोलण्याला पूर्णविराम देण्याची ही कृती हाताला जाणवते, कानाला ऐकू येते. आजच्या सपाट काचेवर असा पूर्णविराम उरलेला नाही.

आशयाच्या अंगाने मात्र ही कृती तोकडीच. साठवणक्षमता जेमतेम पाच मेगाबाइट, मेमरी कार्डाची सोय नाही, कॅमेरा साधा व्हीजीए. रूपाच्या मोहात आशयाची उपेक्षा झाली, हा आक्षेप म्हणूनच निराधार नाही. तरीही आमच्या मते खरी हानी या उणिवांनी केली नाही. ती पुनरावृत्तीने केली. गुलाबी रेझर आला, सोनेरी आला. पाठोपाठ त्याच वळणाच्या नावांची भावंडे आली. या मालिकेचे तेरा कोटींहून अधिक फोन खपले आणि यशाने रूपाचा साचा करून टाकला. पहिल्या रेझरमध्ये प्रत्येक रेषेमागे एक अडचण होती. पुढच्यांमध्ये केवळ पहिल्याची आठवण उरली. २००७ साली आयफोन आला तेव्हा प्रश्नच बदलला होता, आणि साच्याजवळ नव्या प्रश्नाचे उत्तर नसते. २०१९ साली घडीच्या पडद्याचा नवा रेझर जाहीर झाला, तेव्हा तळाचा तो फुगवटाही परतला. मुळात गरजेपोटी जन्मलेला हा अवयव आता ओळखखूण म्हणूनही मिरवत होता.

आपल्याकडे एखादी शैली गाजली की तिच्या आवृत्त्या निघू लागतात, आणि अभ्यासक्रमांत 'रचनावैशिष्ट्ये' क्रमांक घालून शिकवली जातात. ती वैशिष्ट्ये कोणत्या अडचणीतून आली, हे विचारायचे राहून जाते. तो प्रश्न विचारला, तर पहिला रेझर ही एक चांगली कृती ठरते. तिची भावंडे तशी ठरत नाहीत.