चालू वर्षाची फी, गेल्या वर्षाचे उत्पन्न : हा हिशेब बदला!



कॉलेजच्या फी-सवलतीसाठी अर्ज करायचा तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर उत्पन्न असते सरलेल्या आर्थिक वर्षाचे. फी मात्र आज भरायची असते, आजच्या कमाईतून. या दोन वर्षांच्या मधे ज्या घरावर कुऱ्हाड कोसळली, त्या घराचे मूल सवलतीतून बाहेर फेकले जाते. हा अन्याय आहे आणि तो दूर करणे सरकारच्या हातात आहे.

एक उदाहरण घ्या. वडील चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. पगार महिना 72,000, म्हणजे वर्षाचे 8,64,000. सवलतीची मर्यादा 8 लाख, त्यामुळे कुटुंब अपात्र. मे अखेरीस नोकरी गेली. जुलैपासून ते 18,000 रुपयांवर सिक्युरिटी गार्डची ड्युटी करतात. मार्चपर्यंत या वर्षाचे उत्पन्न होईल 3,06,000. मुलगी ओबीसी प्रवर्गातली, कॅप (केंद्रीकृत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून इंजिनिअरिंगला लागलेली. महाराष्ट्र शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयाने अशा मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले आहे. पण सेतू केंद्राच्या खिडकीवर तिच्याकडे मागितला जातो गेल्या वर्षीचा फॉर्म 16, आणि त्यावरचा आकडा आहे 8,64,000. वडिलांच्या हातात कामावरून कमी केल्याचे पत्र आहे, पण ते जोडायला अर्जात जागा सापडत नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. नोकरी सुटताना साठलेल्या रजेचे पैसे, थकबाकी, नुकसानभरपाई एकदम हातात येते आणि ती त्याच वर्षाच्या फॉर्म 16 मध्ये चढू शकते. म्हणजे रोजगार गेला त्याच वर्षी ते घर कागदावर श्रीमंत दिसते! ती रक्कम कर्जाचे हप्ते आणि घरभाडे भागवण्यात संपते. दाखल्यावरचा आकडा तेवढा मुलांच्या मागे लागतो.

“पुढच्या वर्षी अर्ज करा,” असा सल्ला मिळतो. हे वरातीमागून घोडे झाले. या वर्षीची फी थकली, परीक्षेचा फॉर्म अडला आणि पोरगी कामाला लागली, तर पुढच्या वर्षीच्या पात्रतेचे तिने काय करायचे?

परिस्थिती बदलली की नियमही बदलावा लागतो, हे सरकारला मान्य आहे. 2023 मध्ये राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा दिलेल्या सवलतींत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी होती. पीक गेलेले तालुके सरकारला दिसतात, मग कमावता माणूस गेलेले घर का दिसू नये?

अमेरिकेतही सरकारी मदतीच्या अर्जात मागचेच, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात. पण तिथल्या 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यात आज अशी तरतूद आहे की, नोकरी गेली किंवा आई-वडिलांपैकी कोणी वारले, तर कॉलेजचा मदत अधिकारी कागदपत्रे पाहून तो आकडा बदलू शकतो. अशा सगळ्याच विनंत्या सरसकट फेटाळण्याचे धोरण ठेवायला कॉलेजांना मनाई आहे. तिथे जमते ते इथे का जमू नये?

“खोटे दाखले वाढतील,” ही भीती दाखवली जाते. मृत्यूचा दाखला, कामावरून कमी केल्याचे पत्र, भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात थांबलेली वर्गणी हे पुरावे तपासायला सोपे आहेत. कोणी लबाडी केली तर त्याच्याकडून वसुली करा. त्यासाठी खऱ्या गरजवंताला दारातच अडवू नका.

आमच्या मागण्या :

1. कमावत्या व्यक्तीचा मृत्यू, नोकरी जाणे, कारखाना किंवा धंदा बंद पडणे, गंभीर आजार, नैसर्गिक आपत्ती, आई-वडील विभक्त होणे, अशा प्रसंगी चालू वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला द्या.

2. सवलतीच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या अर्जात ‘उत्पन्नात बदल’ हा रकाना ठेवा आणि तो वर्षभर खुला ठेवा.

3. रजेचे पैसे, थकबाकी, नुकसानभरपाई या एकदाच मिळणाऱ्या रकमा वार्षिक उत्पन्नातून वगळा.

4. 15 दिवसांत लेखी निर्णय द्या, नकार असेल तर कारण लिहा. निर्णय होईपर्यंत प्रवेश, परीक्षेचा फॉर्म किंवा हॉल तिकीट अडवू नका.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. घरचे उत्पन्न घटले असेल, तर पुरावे जोडून तहसीलदार आणि प्राचार्य दोघांनाही लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर तारीख, सही, शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्पन्नाचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली येणारी सेवा आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला गेला, तर 30 दिवसांत पहिले अपील करा.

आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात असे एखादे घर नक्की असेल. लाजेपायी ते बोलत नसतील, तर तुम्ही त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जा. हे पत्रक वाचून झाले की पुढच्या माणसाच्या हातात द्या. आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : आमच्या मुलांची पात्रता आमच्या आजच्या परिस्थितीवर कधी ठरवणार?

आपले,
काही पालक आणि विद्यार्थी