चिकाटीची प्रार्थना म्हणजे देवाशी घासाघीस नव्हे

एकच मागणे वर्षानुवर्षे देवापुढे मांडणाऱ्या ख्रिस्ती माणसाला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. बाहेरचे विचारतात, तुमचा देव सर्वज्ञ ना? मग त्याला तेच तेच सांगायचे कशाला? आपल्याच मंडळीतले काही बजावतात, जोर लावा, मिळेलच. नाही मिळाले तर तुमचा विश्वास तोकडा. मला हे दुसरे मत अधिक घातक वाटते, कारण आधीच खचलेल्या माणसाला ते अपराधी ठरवते.

या मताला आधार म्हणून लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला दाखला सांगितला जातो. देवाला न भिणारा न्यायाधीश आणि त्याचा पिच्छा न सोडणारी विधवा. तो अखेर कंटाळून न्याय देतो. म्हणून देवालाही असेच जेरीस आणावे? दाखल्याची मांडणी कैमुतिक न्यायाची आहे. दुर्जनसुद्धा शेवटी न्याय देतो, मग देव देईल हे काय सांगायला हवे! विधवेची चिकाटी घ्यावी. त्या न्यायाधीशाचा स्वभाव देवाला चिकटवणे म्हणजे दाखला उलटा वाचणे. शब्द वाढवले की प्रार्थना ऐकली जाते, ही समजूत तर येशूने डोंगरावरील प्रवचनातच खोडून काढली आहे.

आणि तोकडा विश्वास? गेथशेमाने बागेत येशूने तीनदा विनवले, तरी दुःखाचा प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा याचना केली, काटा तसाच राहिला. यांच्या विश्वासाचे माप कोण काढणार?

राहिला सर्वज्ञतेचा प्रश्न. तो जुना आहे आणि रास्तही आहे. इ. स. ४१०मध्ये गॉथांनी रोम लुटल्यावर आफ्रिकेत आलेल्या प्रोबा या विधवेला हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी प्रार्थनेविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात ते या प्रश्नाला थेट भिडतात. मागणे हे देवाला माहिती पुरवण्यासाठी नाही. मागता मागता आपली आस वाढते आणि जे मिळायचे आहे ते घेण्याची आपली ऐपत वाढते. दान मोठे, आपली ओंजळ लहान. लांबलचक बोलणे वेगळे आणि दीर्घकाळ टिकणारी आस वेगळी, हेही ते बजावतात.

हे त्यांनी घरीच पाहिले होते. ३८३मध्ये त्यांनी रोमला जाऊ नये म्हणून आई मोनिका कार्थेजच्या किनाऱ्यावर, संत सिप्रियन यांच्या स्मृतिस्थळी, रात्रभर रडत प्रार्थना करत होती. मुलगा तिला फसवून जहाजात बसला. त्या रात्रीचे मागणे नाकारले गेले. पण रोमहून ते मिलानला गेले, तिथे बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७च्या ईस्टरला त्यांच्याच हातून बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीचे नाकारून देवाने आईचे नेहमीचे मागणे पुरवले, असे पुढे मुलानेच लिहिले. मोनिकेची धीर धरण्याची रीतही पाहावी. ती हातावर हात धरून बसली नाही. समुद्र ओलांडून ती मुलामागे मिलानला पोहोचली.

यावर कोणी म्हणेल, मोनिकेला मिळाले म्हणून तुम्ही तिचे नाव घेता. ज्यांना मिळाले नाही त्यांचे काय? हा आक्षेप टाळता येत नाही, टाळूही नये. ४३०मध्ये व्हँडलांनी हिप्पोला वेढा घातला. वृद्ध ऑगस्टीननी देवाकडे मागितले की शहर सोडव, नाहीतर तुझ्या सेवकांना सोसण्याचे बळ दे, किंवा मला तरी या जगातून ने. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात, २८ ऑगस्टला, ते वारले. शहर वाचले नाही. त्यांचा शिष्य पॉसिडियस हे सारे नोंदवतो आणि गुरूच्या विश्वासावर शंका घेत नाही.

मंडळीतल्या पाळकांना आणि वडीलजनांना माझी विनंती आहे : आजारी मुलासाठी रोज प्रार्थना करणाऱ्या आईला पुन्हा कधी विश्वास कमी पडला असे सांगू नका. तिच्याशेजारी बसा आणि तिचेच मागणे तिच्याबरोबर मागा.